पडद्यावरचे मराठी अक्षर



आज आपल्याला एका स्थलांतराची हकिकत सांगायची आहे. या स्थलांतरात गाडीबैल जुंपावे लागले नाहीत की कुणाला घरदार सोडावे लागले नाही. हे स्थलांतर आपल्या मराठी अक्षरांचे. एका यंत्राच्या पडद्यावरून ती दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर कशी गेली, वाटेत त्यांचे काय हाल झाले आणि कोणती अक्षरे सुखरूप पोचली, एवढेच सांगावयाचे आहे.

अशी कल्पना करा, की शाळेच्या कपाटात पंचवीस वर्षांपूर्वीची एक चकती सापडली. तिच्यात त्या वर्षीच्या मुलामुलींची यादी आहे. गुरुजींनी ती हौसेने नव्या संगणकावर उघडली. बघतात तो काय, नावे कुठेच नाहीत! इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि टिंबे यांची नुसती खिचडी. चकतीला काही झालेले नाही, यादीतले एक टिंबसुद्धा पुसले गेलेले नाही. तरी वाचता येत नाही. मग बिघडले काय?

वाशीमकरांना हे कोडे नवे वाटू नये. आपले वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. राजाच्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी दिलेले ते दानपत्र. वंशावळीचा भाग संस्कृतात आणि पुढचा मजकूर प्राकृतात. सुमारे सोळाशे वर्षे तांबे टिकले, अक्षरेही टिकली. पण ती लिपी वाचणारे डोळे मात्र राहिले नव्हते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी ती वाचली, तेव्हा कुठे वाकाटकांच्या या शाखेचा इतिहास उलगडला. अक्षर टिकणे वेगळे आणि अक्षर वाचता येणे वेगळे. ताम्रपटाच्या बाबतीत ही दोन टोके दुरावायला शतके लागली. संगणकाच्या बाबतीत दहा वर्षेही पुरतात.

आता मुळापासून पाहू. १९८१ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने तिचा पहिला वैयक्तिक संगणक विकायला काढला. त्या यंत्राच्या पडद्यावर मजकूर कसा उमटे? पडद्याचे ८० रकाने आणि २५ ओळी. म्हणजे शेतात सरळ चौफुल्या पाडाव्यात तशी २,००० घरे झाली. प्रत्येक घरात एक अक्षर. प्रत्येक घरासाठी यंत्राच्या स्मरणात दोन जागा राखलेल्या. एकीत अक्षराचा क्रमांक आणि दुसरीत त्याचा रंग. सारा पडदा ४,००० जागांत मावला. २५६ अक्षरांच्या आकृत्या यंत्रात आधीच कोरून ठेवलेल्या असत. क्रमांक दिला, की त्या घरात ती आकृती दिसली. इंग्रजीला ही व्यवस्था अंगासरशी बसली, कारण तेथे एका क्रमांकाला एक अक्षर आणि एका अक्षराला एक घर.

मराठीचे तसे नाही, बरं का! ‘स्त्री’ हा शब्द घ्या. डोळ्याला एकच जोडाक्षर दिसते. पण ते फोडले, तर स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा तुकडे निघतात. ‘रिसोड’ लिहिताना उच्चार आधी ‘र’चा आणि मग ‘इ’चा, पण ऱ्हस्व वेलांटी ‘र’च्या आधी काढावी लागते. ‘कर्ज’ या शब्दात ‘र’ उडी मारून ‘ज’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. आपली मुले पहिली-दुसरीत हे सारे सहज शिकतात. पण ज्या यंत्राला ‘एक क्रमांक, एक घर’ एवढेच ठाऊक, त्याला हे कसे उमजावे?

या प्रश्नाला कानपूरच्या आयआयटीत हात घातला गेला. प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे भारतीय लिप्यांवर काम चालले होते. त्यात मोहन तांबे यांचा मोठा वाटा. १९८३ साली दिल्लीला तिसरे विश्व हिंदी संमेलन भरले, तेथे देवनागरीत काम करणारा संगणक लोकांपुढे मांडण्यात आला. पुढे १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही सरकारी संस्था निघाली आणि हे काम तेथे गेले. या संस्थेचे पहिले संचालक डॉ. विजय भटकर. ते आपल्या कारंजाच्या शेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यातील, मुरंबा गावचे. त्यांचा जन्म १९४६ चा. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातच होते, म्हणजे ते आपल्याच जिल्ह्याचे म्हणायला हरकत नाही.

पुण्याच्या या मंडळींनी ‘जिस्ट कार्ड’ नावाची एक पाटी तयार केली. ती संगणकाच्या आतल्या खाचेत बसवायची. गंमत अशी, की त्या काळी कचेऱ्यांतून चालणारी डीबेस, लोटस, वर्डस्टार ही सारी कामाची साधने इंग्रजीसाठी केलेली. त्यांना मराठीचा गंधही नव्हता. हे कार्ड त्यांच्या आणि पडद्याच्या मध्ये दुभाष्यासारखे उभे राही. साधन म्हणे, ‘हा घ्या क्रमांक, टाका घरात.’ कार्ड ते क्रमांक थोपवून धरी, मागचापुढचा संबंध पाही, वेलांटी डावीकडे सरकवी, रफार डोक्यावर चढवी, जोडाक्षर बांधी आणि मग पडद्यावर शुद्ध मराठी उमटवी. साधनाला बिचाऱ्याला पत्ताही नसे, की आपण मराठीत बोललो!

यात शहाणपणाची गोष्ट कोणती होती? ती अशी, की यंत्राच्या पोटात अक्षराची आकृती साठवायची नाही, अक्षराचा उच्चारक्रम साठवायचा. ‘क’ म्हणजे ‘क’. तो कसा काढायचा हे पडद्यावर उमटवताना ठरेल. या पद्धतीला ‘इस्की’ म्हणत, आणि १९९१ साली भारतीय मानक संस्थेने तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. सगळ्या भारतीय लिप्यांतल्या ‘क’ला तिच्यात एकच क्रमांक. मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला तेलुगू आणि कन्नड मुलखांतूनही बंजारा यात्रेकरू येतात. त्यांच्या नावांची यादी एकदा अशी देवनागरीत भरली, की लिपी बदलताच तीच नावे तेलुगूत वाचता येत. पुन्हा लिहिण्याची गरज नसे.

हे सारे चालू असताना पायाखालची जमीन सरकत होती. १९९५ च्या सुमारास ‘विंडोज’चा काळ आला. ८० रकाने आणि २५ ओळींची शेती मोडली. पडदा आता लाखो बारीक ठिपक्यांचा झाला आणि त्यावर काहीही काढता येऊ लागले. पण त्याबरोबर एक नवा नियम आला, की कुठल्याही साधनाने पडद्याच्या स्मरणात थेट हात घालायचा नाही.

हा नियम समजायला आपल्या कारंजाचा बाजार पाहावा. १८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियमबद्ध बाजार सुरू झाला. देशातला पहिला म्हणून त्याचे नाव घेतात. १८९७ साली वऱ्हाडासाठी बाजाराचा कायदाही आला. नियमबद्ध बाजार नव्हता तेव्हा शेतकरी गाडी घेऊन थेट व्यापाऱ्याच्या वखारीवर जाई आणि कापूस ओती. भाव, माप सारे तिथल्या तिथे. बाजार समितीत तसे नसते. फाटकावर नोंद करायची, हर्रास व्हायची, मापाऱ्याने मोजायचे, मग पट्टी हातात. कापूस तोच, शेतकरी तोच, व्यापारीही तोच. व्यवहाराची रीत तेवढी बदललेली. ज्याला फक्त वखारीची वाट माहीत, त्याची गाडी उत्तम कापूस असूनही फाटकावर अडते.

संगणकातही हेच झाले. पडद्याच्या कार्डाशी बोलणारा एक मापारी प्रत्येक यंत्रात असतो. त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. प्रत्येक कंपनीचे कार्ड निराळे, म्हणून ज्याचा त्याचा मापारीही निराळा. साधनाने मुख्य प्रणालीला सांगायचे, प्रणालीने मापाऱ्याला सांगायचे, आणि त्याने पडद्यावर उमटवायचे. या सांगण्याची रीत ठरलेली असते. ती प्रणाली आणि मापारी यांच्यातला करारच म्हणा. करार बदलला, की मापाऱ्याला नवी रीत शिकावी लागते. न शिकला, तर त्याचे कार्ड धडधाकट असूनही निरुपयोगी ठरते.

जिस्ट कार्ड वखारीच्या वाटेने चालणारे होते. नव्या बाजारात ती वाट बंद झाली. पुढे तर ते ज्या खाचेत बसे, ती खाचच नव्या यंत्रांतून नाहीशी झाली. तेव्हा कार्डाच्या अंगी असलेले ज्ञान, म्हणजे वेलांटी कुठे सरकवायची आणि रफार कुठे चढवायचा, हे सारे तेथून काढून दुसरीकडे वसवणे भाग पडले. सी-डॅकने आधी डॉससाठी ‘जिस्ट शेल’ नावाची, कार्डाशिवाय चालणारी आवृत्ती काढली आणि मग विंडोजसाठी ‘आयएसएम’ हे साधन काढले.

असे स्थलांतर करणाऱ्याला तीन कामे करावी लागतात. पहिले, जुने नेमके काय काय करीत होते याचा शोध. कागदावर लिहिलेले एक असते आणि प्रत्यक्षात चाललेले दुसरेच असते. दुसरे, त्यात लिपीचे किती आणि त्या विशिष्ट यंत्राचे किती, हे निवडून वेगळे करणे. सुपात धान्य पाखडतात तसे. तिसरे, जुने आणि नवे शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहणे. हे तिसरे काम कंटाळवाणे, पण सारी भिस्त त्याच्यावर. आणि ते करायचे असेल, तर जुने यंत्र चालू असतानाच करावे लागते.

पण लोकांना घाई होती. छापखाने, वर्तमानपत्रे, कचेऱ्या सगळ्यांनाच विंडोजवर मराठी हवी होती. तेव्हा एक जवळची वाट निघाली. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले फॉन्ट आले. कुठे काना, कुठे अर्धा ‘स’, कुठे रफार. यंत्राला वाटे आपण इंग्रजीच लिहितो आहोत. डोळ्यांना दिसे मराठी. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी, सुरेख अशी कितीतरी नावे जुन्या टंकलेखकांना आजही आठवत असतील. छपाई देखणी होई, कामे झटपट उरकत. त्या वाटेला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. त्या काळची गरज तिने भागवली.

मात्र त्यात उच्चारक्रम साठवण्याचे सूत्र सुटले. यंत्राच्या पोटात आता ‘क’ नव्हता, ‘क’सारखी दिसणारी आकृती होती, आणि तीसुद्धा प्रत्येक फॉन्टमध्ये निराळ्या जागी. एकाचा काना तो दुसऱ्याचा उकार. तो फॉन्ट यंत्रात नसला, की मागे उरली ती खिचडी. गुरुजींच्या चकतीचे कोडे इथे सुटते. तिच्यात मराठी कधी साठवलीच नव्हती! साठवली होती ती इंग्रजी चिन्हे, आणि त्यांवर चढवलेला मराठीचा मुखवटा. मुखवटा हरवला, तेव्हा खालचा चेहरा दिसला.

योगायोग पाहा. जुना वाशीम जिल्हा १९०५ साली मोडला होता. तो १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके मिळून नवा संसार थाटला गेला, तो नेमका या मुखवट्यांच्या फॉन्टांच्या भरात. त्या दिवसांतली पत्रके, शाळांचे अहवाल, गावोगावच्या स्मरणिका यांपैकी जे काही संगणकावर लिहिले गेले, त्याला हा धोका आहे.

सुटकेची वाटही त्याच काळात तयार होत होती. १९९१ साली जगातील सर्व लिप्यांसाठी ‘युनिकोड’ ही एकच पद्धत जाहीर झाली. तिच्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या, आणि त्यांची मांडणी आपल्या इस्कीवरूनच घेतलेली होती! २००० सालच्या विंडोजमध्ये देवनागरी अक्षरे बांधण्याची व्यवस्था मुळातच आली. ‘मंगल’ नावाचा फॉन्टही बरोबर आला. कार्डावरचा दुभाषा आता मुख्य प्रणालीच्या घरचाच माणूस झाला. आज आपल्या हातातल्या मोबाइलवर मराठी उमटते, तीही याच रीतीने.

आणि आता या हकिकतीचा गाभा ऐका. ज्यांनी इस्कीत, म्हणजे उच्चारक्रमाने मजकूर साठवला होता, त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये नेणे सोपे ठरले. क्रमांकाला क्रमांक लावला, काही थोडे अपवाद सांभाळले, की काम झाले. ज्यांनी मुखवट्याच्या फॉन्टमध्ये साठवला होता, त्यांना प्रत्येक फॉन्टसाठी वेगळी कोष्टके करावी लागली, वेलांट्या आणि रफार उलटसुलट फिरवावे लागले आणि शेवटी डोळ्यांत तेल घालून तपासावे लागले. जुने कार्ड अडगळीत गेले, पण त्यासाठी लिहिलेली अक्षरे तरली. कारण ती एका यंत्राच्या भरवशावर लिहिलेली नव्हती, सर्वांना मान्य असलेल्या करारावर लिहिलेली होती.

मराठीचे काही खास हट्टही या प्रवासात पुरवावे लागले. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. दोन्हींत फरक एवढाच, की एकात ‘र’चा रफार झाला आणि दुसऱ्यात तो आडवा चंद्रकोरीसारखा बसला. ‘आचार्यांना’ आणि ‘शेतकऱ्यांना’ या शब्दांतही तोच भेद. ज्या यंत्राला हा भेद कळत नाही, त्याला आमच्या शेतकऱ्याचे नावसुद्धा नीट लिहिता येत नाही. युनिकोडमध्ये या अक्षराची सोय झाली. ‘ॲ’ या अक्षराला मात्र स्वतंत्र जागा मिळायला २००८ साल उजाडले. पुढच्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ रोजी, महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे यांविषयी निर्णय काढला.

मग आता सगळे आलबेल झाले का? नाही, मंडळी. बाजाराचे नियम पुन्हा पुन्हा बदलतात. २००७ साली विंडोज व्हिस्टाने पडद्याच्या ड्रायव्हरशी नवा करार केला, आणि २०१२ सालच्या विंडोज ८ ने जुन्या कराराचे ड्रायव्हर घेणेच थांबवले. लिनक्स या खुल्या प्रणालीतही २००९ पासून पडद्याची मांडणी करण्याचे काम प्रणालीच्या गाभ्याकडे आले आणि एकेक ड्रायव्हर नव्या रीतीत आणण्याचा उद्योग पुढे वर्षानुवर्षे चालला. जुन्या कार्डासाठी हा उद्योग कुणी केला नाही, तर नवी प्रणाली घातल्यावर चित्र अंधुक आणि ढोबळ दिसते किंवा पडदा काळाच राहतो. यंत्र बिघडलेले नसते. त्याचा मापारी मागे राहिलेला असतो. फरक इतकाच, की जेथे ड्रायव्हरचा मूळ मजकूर खुला असतो, तेथे जाणता माणूस, मग तो कुठलाही असो, हे काम हाती घेऊ शकतो. जेथे तो कुलपात असतो, तेथे कंपनीच्या मर्जीची वाट पाहावी लागते.

आणखी एक मौज सांगतो. लिनक्सचा जो साधा, चित्राविना चालणारा मजकुराचा पडदा असतो, त्याला फार तर ५१२ आकृत्या ठेवता येतात आणि घरांची जुनी शिस्तच तेथे चालते. म्हणून तेथे ‘स्त्री’ हे जोडाक्षर अजूनही नीट बांधले जात नाही. १९८१ चे ते चौफुल्यांचे शेत एका कोपऱ्यात अजून शिल्लक आहे म्हणायचे!

शिक्षक मंडळींना या साऱ्यातून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. शाळेत, ग्रामपंचायतीत, वाचनालयात जुन्या चकत्या आणि जुने संगणक असतील, तर ते भंगारात देण्याआधी आत काय आहे ते पाहा. जुने यंत्र आणि त्यातला फॉन्ट चालू आहे, तोवरच मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्या. यंत्र बंद पडल्यावर हेच काम दहापट अवघड होते. दुसरे, आणलेला मजकूर न तपासता स्वीकारू नका. स्त्री, कर्ज, दऱ्या, शेतकऱ्यांना, मंगरूळपीर, ॲ असे पाचसहा शब्द शोधून पाहा. हे नीट उतरले असतील, तर बाकीचे बहुधा नीट असतील. तिसरे, महत्त्वाच्या कागदाची एक छापील प्रत ठेवा. कागदाला ड्रायव्हर लागत नाही.

आणि हे काम मुलांकडूनही करवून घ्या. आपल्याच गावची वीस वर्षांपूर्वीची यादी उलगडताना त्यात आईचे किंवा काकाचे नाव निघाले, की इतिहास म्हणजे काय हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

विंध्यशक्तीच्या लेखकाने तांब्यावर अक्षरे कोरली, तेव्हा पुढे ती कुणाच्या डोळ्यांना दिसतील याची त्याला कल्पना नव्हती. त्याने आपले काम चोख केले. वाचण्याचे काम पुढच्यांवर सोपवले. आपल्या वाट्याला मधले काम आले आहे. आपल्या हातून गेलेले अक्षर पुढच्याला वाचता यावे, एवढे आपण पाहिले म्हणजे पुरे.